उंबराखालच्या तीन मुंग्या

आपा, शाहीनचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याच्या बांधाचा नकाशा समजावून देत होते. "मनीषा खाला, अम्मी गई," एवढंच ती बोलली. मी फोन ठेवला आणि नकाशा समजावणं चालू ठेवलं. बोट कागदावरून फिरत होतं, तोंडही चालू होतं. तो माणूस "बरं बाई" म्हणून उठून गेला. त्याला काय सांगितलं, ते मला आजही आठवत नाही.

जुन्या जालन्यातल्या तुमच्या गल्लीत स्कूटी आत नेता आली नाही. धान्याच्या दुकानांपुढे टेम्पो लागलेले आणि त्यांच्या पुढे तुमच्या दारात माणसं. कापडाच्या दुकानापाशी गाडी लावून मी चालत आले. आत बायकांनी पांढरी चादर अंथरली होती, मधे चिंचोक्यांचा ढीग. एक चिंचोका उचलायचा, ओठांत काही म्हणायचं, पलीकडे ठेवायचा. मला ते येत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले. हात कुठे ठेवावेत कळेना. तुमच्या शेजारच्या एका बाईंनी, त्यांचं नावही मला माहीत नाही, मूठभर चिंचोके माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "तुमच्या देवाचं नाव घ्या. चालतं."

खरं सांगू? देवाचं नाव तोंडात आलंच नाही. मी चिंचोका उचलायचे आणि मनात आपल्या वहीतली एकेक मुंगी म्हणायचे. डोंगळा. ओंबील. पाठीवर काटे असलेली काळी. सोनेरी पोटाची. बाभळीवर चढणारी दोन रंगांची. असं करत करत धावडा गावच्या उंबराखालच्या मुंगीपाशी आले आणि तिथेच अडकले. हातातला चिंचोका खाली ठेवता येईना.

आज त्या मुंगीबद्दलच लिहायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, त्याबद्दलही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या मोजणी कार्यालयात आलात ते घराच्या नकाशाची नक्कल मागायला. रांग मोठी होती. थोड्या वेळाने मी मान वर करून पाहते तर एक उंच, जाड चष्म्याची बाई रांग सोडून भिंतीशी वाकलेली, नाक भिंतीला लागेल इतकी. तेवढ्यात आमचा शिपाई औषधाचा पंप घेऊन आला. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती, सरळ नकाशांच्या खोलीकडे.

"अरे रुको रे बाबा!" तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की सगळी रांग वळून बघायला लागली.

"बाई, मुंग्या हायेत त्या. कागद खातात."

"कागद वाळवी खाते. ह्या वाळवीला खातात. त्यांनाच मारून राह्यलास तू, मंग तुझे कागद कोण वाचवणार?"

शिपाई पंप घेऊन माघारी गेला. मी खिडकीआडून हसले, ते तुम्ही पाहिलंत. नक्कल हातात घेताना म्हणालात, "तुला बघायच्यात का?" ओळख ना पाळख, एकदम 'तुला'. जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलेल्या बाईचा तो 'तू' होता. त्याला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. मी खुर्चीवरून उठले, तुम्ही पर्समधून घडीचं भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलंत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मुंगीचा चेहरा पाहिला.

तेव्हा माझी मुलगी नुकतीच पुण्याला शिकायला गेली होती. आमचे हे जेवण झालं की टीव्हीपुढे बसायचे ते झोपेपर्यंत. रविवार तर संपता संपत नसे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलंही नाही. पुढच्या रविवारी सकाळी तुमचा फोन आला: "मोती तलावावर जायचंय. स्कूटी हाय ना तुझ्याकडं?" बस, तिथून सुरू झालं.

आपलं सामान बघून लोक हसायचे. पिठाची जुनी चाळणी, पांढरी परात, पाण्याच्या रंगांचा एक बारीक ब्रश आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. झाडाखालचा पालापाचोळा चाळणीत घ्यायचा, परातीवर हलवायचा, आणि मग परातीत काय चालतं ते बघत बसायचं. मोबाइलला चिमटीचं भिंग लावून फोटो काढायचा. पळणारी मुंगी असली की बाटलीत घालून घरी न्यायची, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची, फोटो काढायचा. आणि मग तुमचा तो नियम: जिथून आणली तिथेच सोडायची. त्याच दगडाखाली. "दुसऱ्या वारुळापाशी सोडली तर तिला फाडून टाकतील," असं म्हणून तुम्ही मला एकदा चार मुंग्या सोडायला परत पार जांब समर्थपर्यंत नेलंत. रस्ताभर मी कुरकुर केली. तुम्ही मागे बसून बाटली ओढणीत गुंडाळून धरली होती, ऊन लागू नये म्हणून.

त्याच जांबला, मंदिराबाहेरच्या झाडाखाली तुम्ही गुडघ्यावर बसून माती उकरत होतात, तेव्हा दर्शनाला आलेल्या एक बाई थांबल्या.

"काय हरवलं का हो?"

"मुंगी," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"सोन्याची का?" असं म्हणून त्याही खाली बसल्या आणि शोधायला लागल्या. त्यांच्या मागून त्यांची जाऊ आली, जावेची सासू आली. तुम्ही कुणालाच काही सांगितलं नाहीत. नंतर स्कूटीवर एवढ्या हसलात की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आपल्याला कुणी मुंग्यांच्या बाया म्हटलं, कुणी येड्या म्हटलं. आमचे हे म्हणाले, "साखरेच्या डब्यातल्या मुंग्या दिसत न्हाईत तुला, अन् त्या कुठल्या रानातल्या शोधायला जातीस." पण आपली वही भरत होती. तुम्ही उर्दूत लिहायच्या, मी मराठीत, आणि एकीचं दुसरीला वाचता यायचं नाही म्हणून दर रविवारी मोठ्याने वाचून दाखवायचो. कुठल्याशा कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी पूर्वी केलेली जिल्ह्यातल्या मुंग्यांची यादी तुम्ही मिळवली होती. यादीतलं नाव सापडलं की तुम्ही समोर बरोबरची खूण करायच्या, शाळेतल्या लाल पेनाने. यादीत नसलेलं काही दिसलं की मी फोटो वेबसाइटवर टाकायचे. तिथेच आपल्याला सर भेटले. दक्षिणेकडच्या एका संस्थेत मुंग्यांवर काम करणारे. आपण दोघींनी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांचा मेसेज आला की तुम्ही मला तो दोनदा वाचायला लावायच्या.

आणि मग धावडा.

तुमच्या धाकट्या बहिणीकडे, मुमताजकडे, आपण भाद्रपदात गेलो होतो. डोंगराच्या कुशीतलं शेत, शेजारून नाला, नाल्याच्या काठी उंबर. खाली कुजलेल्या पानांचा आणि फळांचा जाड थर. तुम्ही चाळणी हलवली आणि परातीत बराच वेळ काहीच हललं नाही. मी उठून नाल्याकडे गेले. मागून तुमची हाक आली, "मनीषा! पळ, पळ!"

मला तर मातीचा कण वाटला. तिळापेक्षाही लहान, विटेच्या रंगाची. ब्रश लावला की मेल्यासारखी पडून राहायची, मग पुष्कळ वेळाने हळूच एक पाऊल टाकायची. भिंगातून डोकं पाहिलं: पत्त्यातल्या बदामासारखं, आणि पुढे दोन लांब, बारीक जबडे. तुम्ही कुजबुजत म्हणालात, "बदामाचा एक्का हाय बघ हा." मी तुम्हाला एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मुमताज चहा घेऊन आली, तो गार झाला, तिने परत नेला, गरम करून आणला, तोही गार झाला.

सरांचा मेसेज त्याच दुपारी आला. प्रजाती (जीनस) कोणती ते फोटोवरून नक्की सांगता येतं, पण नेमकी जात सांगता येत नाही. या प्रजातीतली मुंगी तुमच्या जिल्ह्यातून कुणी नोंदवल्याचं माझ्या माहितीत नाही. दोन-तीन मुंग्या स्पिरिटमध्ये घालून पाठवाल का?

तुम्ही 'नाही' म्हणालात. विचार करायलाही वेळ घेतला नाहीत.

"आपा, तीनच मुंग्या. खाली शेकड्यांनी असतील."

"नाव पाहिजे म्हणून जान घ्यायची?"

"नाव असल्याशिवाय नोंद होत नाही. नोंद नाही तर उद्या हा उंबर कुणी तोडला तर ती इथे होती हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

"तिला माहीत हाय ना ती इथं हाय. पुरे."

मग मी तो प्रश्न विचारला. आज वाटतं, विचारायला नको होता. "आपा, तुम्ही शाळेत बेडूक कापले नाहीत का?"

तुम्ही चाळणी झटकत होतात, थांबलात. "कापले," म्हणालात. "दर साली कापले. पोरींना कापायला शिकवलं. म्हणूनच म्हणून राह्यले." आणि उठून नमाजाला घरात गेलात.

मी एकटीच राहिले. परातीत पाचोळा होता, त्यात त्या होत्या. माझ्या पर्समध्ये स्पिरिटची एक लहान बाटली होती. सर एक दिवस मागणार हे मला माहीत होतं, म्हणून मी ती कितीतरी दिवस जवळ बाळगत होते. तुमची नमाज संपायच्या आत मी ब्रशाने तीन मुंग्या उचलल्या, बाटलीत टाकल्या, झाकण लावलं आणि बाटली पर्सच्या तळाशी ठेवली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी परात पुसत होते. तुम्ही उरलेला पाचोळा स्वतः नेऊन उंबराखाली पसरलात.

बाटली मी टपालाने पाठवली. पाठवताना दोघींची नावं लिहिली. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही, उलट मी तुमच्यावर उपकारच करते आहे असं वाटलं. काही महिन्यांनी सरांचं उत्तर आलं: जात नक्की झाली, जिल्ह्यातली पहिली नोंद, ते एक छोटं टिपण लिहिणार आहेत, आणि त्या तीन मुंग्या तुमच्या दोघींच्या नावाने संस्थेच्या संग्रहात राहतील.

मी तुमच्याकडे धावत आले आणि दारातच म्हणाले, "आपा, नोंद झाली! फोटोवरून झालं. सर म्हणाले, फोटो बराबर आले होते."

तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. "बघ," म्हणालात, "बघ! न मारता झालं ना?"

त्या दिवशी शाहीनने गुलगुले तळले. तुम्ही गल्लीत घरोघरी पाठवलेत. मीही दोन खाल्ले.

त्यानंतर वर्षभर मी तुमच्यासमोर बसत होते, पाचोळा चाळत होते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, आज सांगू. मग शाहीन शिकवते त्या शाळेत तुम्हाला बोलावलं. सातवी-आठवीच्या मुली जमिनीवर बसलेल्या, तुम्ही खुर्चीवर, कारण उभं राहिलं की दम लागायला सुरुवात झाली होती. तुम्ही मुलींना उंबराखालची मुंगी सांगितली, ती कशी शिकार करते ते जबड्यांसारखे हात करून दाखवलं. शेवटी म्हणालात, "और एक भी चींटी को मारा नहीं हमने. वो मेरी सहेली बैठी है, उससे पूछो." सगळ्या मुली मागे वळल्या. मी उठून उभी राहिले. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबेपर्यंत मी उभी होते, आपा. एवढा वेळ टाळ्या वाजतात हे मला माहीत नव्हतं.

तरीही सांगायला मला आणखी कितीतरी महिने लागले. डॉक्टरांनी तुमचं हृदय थकलंय म्हणून सांगितलं, जिने बंद केले, तुमचा पलंग खाली आणला. नवरात्रातल्या एका दुपारी मी आले. शाहीन शाळेत होती. तुम्ही भिंग घेऊन खिडकीच्या चौकटीवरच्या मुंग्या बघत होतात. मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत.

"किती?"

"तीन."

"लगेच मेल्या?"

"माहीत नाही. झाकण लावलं आणि पर्समध्ये टाकली."

"बघितलं न्हाईस?"

"नाही."

"बघायला पाहिजे होतं," तुम्ही म्हणालात. "मारलं तर बघायचं तरी. मी हर एक बेडूक बघितला." मग चष्मा काढलात, डोळ्यांवर हात ठेवलात. "जा आता. मला पडायचंय."

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी परत जाताना गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षाला धडकणार होते. रिक्षावाला काहीतरी बोलला, मी 'बरोबर आहे' म्हणाले.

तीन आठवडे तुमचा फोन नाही. मीही केला नाही. दिवाळीला फराळाचा डबा भरला आणि आमच्या ह्यांच्या हाती पाठवला. डबा परत आला तेव्हा त्यात शाहीनने केलेली खीर होती. तुमचा निरोप काही नव्हता. रविवारी मी घरातले डबे घासायचे, पडदे धुवायचे. ह्यांनी एकदा विचारलं, "आज मुंग्या न्हाईत का?" मी पडदा बादलीत बुचकळत राहिले. ते उठले, टीव्ही बंद केला, आणि माझ्यासोबत पडदे पिळायला आले. तेव्हा मला रडू आलं.

मग एका सकाळी तुमचा फोन. जणू काल बोललो होतो अशा आवाजात. "धावड्याला जायचंय. स्कूटीवर न्हाई बसवत आता. गाडी बघ एखादी."

डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, शाहीन नाही म्हणत होती. तुम्ही ऐकलं नाहीत. मी भाड्याची गाडी केली, तुम्हाला मागे उशा लावून बसवलं, आणि भोकरदनच्या पुढे रस्ता खराब लागल्यावर तुम्ही एका हाताने वरचा दांडा आणि एका हाताने माझं मनगट धरलंत. त्याआधी आणि नंतर कधी तुम्ही आधारासाठी माझा हात धरल्याचं आठवत नाही.

मुमताजने उंबराखाली प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. तुम्ही बसलात. मी चाळायला लागले. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, पाचोळा वरून कोरडा. पहिली परात रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीत दोन गोमा आणि एक कोळी. मला एकदम वाटलं की मी उचललेल्या त्या तीनच होत्या. तसं नसतं, मला माहीत आहे, पण त्या वेळी वाटलं.

"वर कशाला शोधून राह्यलीस?" तुम्ही खुर्चीवरून म्हणालात. "ओल कुठं असंल ते बघ. नाल्याच्या अंगाला, त्या फांदीखाली."

फांदी सरकवली. खालची माती काळी, थंड. ती मूठभर परातीत टाकली, आणि थोड्या वेळाने एक कण चालायला लागला.

मी परात तुमच्या मांडीवर ठेवली. तुमच्या हातात भिंग स्थिर राहीना, म्हणून मी तुमचं मनगट खालून धरलं. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात.

"हाय," म्हणालात. "जिंदा हाय." मग भिंग माझ्याकडे दिलंत. "आता तू बघ. नीट बघ."

मी पाहिलं. ती पडून राहिली होती. मग उठली. मग तिच्या मागून दुसरी आली.

चहा पिता पिता तुम्ही विचारलंत, "त्या बाटलीवर माझं नाव हाय?"

"हो. दोघींचं."

"माझं काढ."

मी कप खाली ठेवला. "आपा, ती तुम्ही शोधली. मी तर नाल्यावर पाय धूत होते. तुमचं नाव नाही तर कुणाचं?"

"शोधली मी. मारायला मी न्हाई म्हटलं होतं. मेलेल्या मुंगीवर माझं नाव नको."

"पुढे कुणी ती बाटली बघेल तर त्यावर फक्त माझं नाव असेल. ते खोटं होईल."

"खोट्याची फिकर तुला कधीपासून?"

तुम्ही हसलात. मलाही हसू आलं. मुमताज दोघींकडे बघून म्हणाली, "लोक जमिनीवरून भांडतेत. तुमी दोघी मुंगीवरून भांडून राह्यल्या."

मी म्हणाले, "बघू." आमच्या कार्यालयात 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं माहीत होतं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत, आणि मी सरांना काही लिहिलं नाही. मला वाटलं, वेळ आहे. मला वाटलं, तुमचं मन बदलेल. खरं तर मला ते नाव तिथे राहायला हवं होतं. तुम्ही शिकवलेल्या मुली आता त्यांच्या मुलींची लग्नं करतात, तुमचे धडे कुणाच्या लक्षात नसतील. त्या एका चिठ्ठीवर तरी तुमचं नाव कुठे कपाटात सुरक्षित राहील असं मला वाटायचं.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने शाहीनने विचारलं, "खाला, वो अम्मी का नाम आया था ना, उसका कागद मिलेगा? फ्रेम करना है." मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तीन मुंग्या, नमाज, गुलगुले, शाळेतल्या टाळ्या, धावड्याचं भांडण. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही तिलासुद्धा सांगितलं नव्हतंत. तीन आठवडे तुम्ही माझ्यावर रागावलेल्या होता आणि घरात एका शब्दानेही माझं नाव खराब केलं नाहीत. हे मला त्या दिवशी कळलं.

शाहीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला ते नाव हवं होतं, मला दिसत होतं. मग म्हणाली, "अम्मी ने बोला था ना निकालने को? तो निकालो."

त्या संध्याकाळी मी सरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनी फोन केला. पहिल्यांदाच आवाज ऐकला त्यांचा. ते म्हणाले, संग्रहात खरं काय घडलं तेच लिहायचं असतं, शोधणाऱ्या बाईचं नाव कसं काढणार? मी म्हणाले, सर, खरं तेच लिहा. जिवंत पाहिली ती नसरीन आपांनी. मारली ती मी. ही दोन कामं आहेत, दोन ठिकाणी लिहा. त्यांनी ते लिहून घेतलं. नमुने अजून त्यांच्या रजिस्टरला चढले नव्हते आणि टिपणही छापायला गेलं नव्हतं, म्हणून जमलं. आता त्या पहिल्या फोटोखाली, परातीतल्या त्या चालत्या मुंगीखाली, तुमचं एकटीचं नाव आहे. टिपणातही तसंच आहे: या जिल्ह्यात ही मुंगी प्रथम यांनी पाहिली. शाहीनला फ्रेम करायला तो फोटो दिला.

आपा, एक गोष्ट मात्र मी मागे घेणार नाही. त्या तीन मुंग्या पाठवल्या नसत्या तर तिची जात कळली नसती, हे मला अजूनही खरं वाटतं. तुम्ही असतात तर आजही 'नाही' म्हणाला असतात, आणि मी आजही वाद घातला असता. चूक झाली ती तुमच्या पाठीमागे केलं ती, आणि तुमच्या आनंदात खोटं मिसळलं ती. त्याबद्दल तुम्ही मला 'माफ केलं' असं कधी म्हणाला नाहीत. परात माझ्याकडे दिलीत आणि 'नीट बघ' म्हणालात. मी तेच धरून चालले आहे.

आज मुमताजला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती नीट ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बरं केलं. पण आपाला कसं कळायचं गं आता?"

फोन ठेवला आणि लिहायला बसले. आपा, त्या बाटलीवरचं तुमचं नाव काढलं आहे.